इराण, मार्गे नाचणगाव

माझ्या चित्रपटाला मुंबईत बक्षीस मिळालं ते विनोदी चित्रपटाचं. बातमी फोनवर कळली तेव्हा मी म्हणालो, तुमचा नंबर चुकलाय. पलीकडच्या बाईंनी चित्रपटाचं नाव विचारलं, माझं नाव विचारलं, आणि नंबर बरोबरच असल्याचं सांगितलं. चुकलं होतं ते दुसरंच काहीतरी. तो चित्रपट मी विनोदी म्हणून काढलाच नव्हता.

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या आमच्या फिल्म क्लबात इराणी चित्रपट यायला लागले आणि माझ्यासारख्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या माणसाच्या आयुष्याची दिशाच हरवली. उजाड टेकडी, तिच्यावरून नागमोडी जाणारा रस्ता, रस्त्यावर एकटा माणूस आणि बराच वेळ काहीच न घडणं, एवढ्यावर मी भाळलो. बोलताना मीही मध्येच थांबून दूर बघायला लागलो. बायकोला पहिले काही दिवस वाटलं की माझी दाढ दुखतेय.

क्लबाचा चिटणीस मिलिंद माझा मित्र. तो बँकेत अधिकारी, मूळचा वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावचा. मला चित्रपट काढायचाय आणि तो अगदी इराणसारखा असायला हवा, असं मी त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "इराण महागात पडेल. आमच्याकडे चल. टेकड्या आहेत, रस्ते आहेत, आणि काही न घडण्याची तर ददातच नाही."

म्हणून 'शिडी' वर्धा जिल्ह्यात काढला, एका हिवाळ्यात, उसन्या डिजिटल कॅमेऱ्यावर. गोष्ट एवढीच की एका माणसाला सकाळी आपल्या भिंतीला लावलेली अनोळखी शिडी दिसते. ती ज्याची त्याला परत करायला तो निघतो. प्रत्येक जण म्हणतो, माझी नाही, पुढच्या गावच्या अमक्याची असेल. शेवटी तो ती एका झाडाला लावतो आणि खाली बसतो. संपलं. माझ्या मते हा सत्याचा शोध होता. प्रमुख भूमिकेत कारंजा घाडग्याचे वामनराव काळबांडे होते. सिमेंट-पाइपचं दुकान चालवणारे, उंच, किडकिडीत, आवाज शरीराच्या मानाने अगदी बारीक. नाटकात कधी काम केलेलं नाही, हीच त्यांची पात्रता. इराणी दिग्दर्शक अशीच माणसं घेतात, एवढं मी वाचलेलं होतं.

पुण्यातल्या खेळानंतर लोक आपापल्या चपला शोधायला लागले. एकाने फोटोग्राफी चांगली आहे म्हटलं, म्हणजे काय ते समजायचं. मग मुंबईच्या महोत्सवात एका ज्येष्ठ समीक्षकांनी तो पाहिला आणि लिहिलं की इराणी सिनेमाला वाकून नमस्कार करता करता त्याला हळूच गुदगुल्या करणारी इतकी असंगत, इतकी धीट विनोदिका मराठीत झाली नव्हती. वामनराव शिडी घेऊन चढ चढतात त्या लांबलचक दृश्याला त्यांनी प्रेक्षकांच्या सहनशक्तीची केलेली अफलातून थट्टा म्हटलं. ते दृश्य घेताना मी कॅमेऱ्यामागे रडलो होतो. वामनरावांच्या दगडी चेहऱ्यामागे मात्र दुःखाचा समुद्र आहे, असंही त्यांनी लिहिलं. बाकीच्या समीक्षकांनी त्यांचीच री ओढली.

मी बक्षीस घेतलं. भाषणात म्हणालो, हसणं ही फार गंभीर गोष्ट आहे. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून मी विनोदी दिग्दर्शक झालो आणि खरी गोष्ट फक्त मिलिंदला माहीत राहिली. तो ती अधूनमधून, मुख्यतः चारचौघांत, डोळ्यांनी बोलून दाखवायचा.

मग वामनरावांचा फोन आला. बक्षिसाची बातमी त्यांना कोणीतरी सांगितली होती. कसलं बक्षीस, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. जिथे जिथे शूटिंग केलं तिथे तिथे पिक्चर दाखवा, असं त्यांचं म्हणणं. कारंज्यात तर मोठा कार्यक्रम ठेवायचा होता, कारण मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि अमरावतीकडचे होणारे व्याही त्या दिवशी यायचे होते. आपला माणूस सिनेमात आहे आणि त्या सिनेमाला बक्षीस आहे, हे त्यांना दिसलं पाहिजे. मी हो म्हणालो, आणि मनात आलेली धास्ती प्रवासाच्या उत्साहात जमा केली.

नाचणगाव

नाचणगावसाठी पुलगावला उतरलो तेव्हा थंडी अशी होती की मी सोबत आणलेला विचारवंती मफलर प्रथमच मफलरासारखा वापरला. प्रोजेक्टरची पेटी मिलिंदने उचलली. तो मला पेटी उचलू देत नाही. का, ते मी विचारत नाही.

मिलिंदची आई इंदुबाई अंगणात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. चित्रपटातही त्या हेच करतात. वामनराव शिडी घेऊन येतात, त्या मान वर न करता म्हणतात, माझी नाही, आणि सोलत राहतात. समीक्षकांना हे दृश्य फार आवडलं होतं. आता कॅमेरा नव्हता तरी त्यांनी मान वर केली नाही.

"आलास, बाबू? हातपाय धू. पानी तापलं हाये."

आमच्याकडे पाहुण्याला चहा घेणार का असं विचारतात आणि पाहुणा नको म्हणतो, मग एक फेरी आग्रह होतो. इथे तो सोपस्कार नाही. चहा समोर येतो. तो संपायच्या आत दुसरा येतो. दुपारी तुरीच्या सोल्यांची झणझणीत भाजी, ज्वारीची भाकर आणि तिळाची चटणी जेवलो. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या घासाला नाकातून. इंदुबाईंनी शांतपणे गुळाचा खडा माझ्या ताटात ठेवला आणि मिलिंदला म्हणाल्या, तुझा दोस्त अजून तसाच कच्चा हाये.

संध्याकाळी विहारासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांचीच पांढरी चादर बांधून खेळ लावला. मंडळी जेवणं उरकून, शाली पांघरून आली. मी मागे उभा राहिलो. आता कळेल, असं मनात म्हणालो. समीक्षक जाऊ देत, ज्यांचा हा सिनेमा त्यांना तो हसवतो की रडवतो, ते आता दिसेल.

दोन्हीही झालं नाही. त्यांनी तो ओळखपरेडीसारखा पाहिला. पहिल्या दृश्यापासून मंडळी मोठ्याने सांगत होती, हे कोणाचं घर, ही कोणाची गाय, ही भिंत तेव्हा पडली नव्हती. माझ्या दृष्टीने मानवी एकाकीपणाचं टोक असलेल्या एका दृश्यात मागून एक सायकल जाते. ती सायकल कोणाची यावर बराच खल झाला. ज्याची होती तो उभा राहिला आणि म्हणाला की त्या दिवशी आपण दळण आणायला गेलतो. सगळ्यांचं समाधान झालं. मध्ये एकदा पडद्यावर एक म्हातारे गृहस्थ दिसले, क्षणभरच, ओट्यावर बसलेले. एकदम सगळे गप्प झाले. मिलिंदने कानात सांगितलं, गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांची सून पुढे बसली होती. तिने ते दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. आम्ही लावलं. ती म्हणाली, आणखी एकदा. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर तिने हात जोडले, आणि मग पुढचा सिनेमा सुरू झाला.

घरी आल्यावर मी इंदुबाईंना विचारलं, कसा वाटला. माझ्या आवाजात नको तेवढी आशा असणार, कारण मिलिंद लगेच पाणी प्यायला निघून गेला.

"चांगला हाये," त्या म्हणाल्या. "पन त्यानं थे शिडी भिंतीलेच लावून ठेवली असती तं ज्याची त्यानं नेली असती. कायले एवढा हिंडला?"

मी सत्याचा शोध वगैरे सांगायला सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझं अंथरूण कुठे घालू, आणखी एक गोधडी लागेल का, ते विचारलं.

तळेगाव

आर्वीवरून तळेगावला जाणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसलो आणि मिलिंदने प्रोजेक्टरची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. शेजारच्या बाईंनी मोकळी जागा पाहून आपली संत्र्यांची पिशवी त्यावर ठेवली. आमच्याकडे आधी विचारतात, हे म्हणायचा मला मोह झाला, पण आमच्याकडे मग कोणी ठेवूही देत नाही, हेही आठवलं. उतरताना त्यांनी चार संत्री पेटीवर ठेवली आणि गेल्या. जागेचं भाडं म्हणा.

तळेगाव श्यामजी पंत हे हमरस्त्यावरचं मोठं गाव. बाजाराचा दिवस होता. मुख्याध्यापकांनी शाळेचा मोठा वर्ग दिला, खिडक्यांना पोती लावून अंधार केला, आणि बाजार उरकून लोक पिशव्यांसकट आत येऊन बसले. वांगी, मेथी, सुकी मासळी, सगळ्याचा एक वास भरला. नाचणगावचा अनुभव पाहता मी या वेळी सुरुवातीला चार शब्द बोललो. हा चित्रपट कसा पाहावा, घाई करू नये, शांततेला शांतता द्यावी, असं काहीतरी. लोकांनी मन लावून ऐकलं. मी खाली बसल्यावर मागून एकाने शेजाऱ्याला विचारलं की पिक्चर संपला का.

पण मग चित्रपट सुरू झाला आणि लोक खरोखर शांत बसले. चढाचं दृश्य तर तिथल्याच टेकडीवर घेतलेलं. वामनराव खांद्यावर शिडी घेऊन वळण घेतात, मोठे होतात, पुन्हा वळतात, लहान होतात. वर्गात कोणी खोकलंही नाही. माझा ऊर भरून आला. अन् वीज गेली.

भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी येईल ते सांगता येत नव्हतं आणि अर्ध्या लोकांची शेवटची बस थोड्या वेळात होती. पण शेवट कळल्याशिवाय कोणी उठेना. मुख्याध्यापक मला म्हणाले, तुम्हीच सांगा. पोती काढली, उजेड आला, आणि मी फळ्यापुढे उभा राहून माझ्या चित्रपटाचा शेवट सांगितला. तो माणूस टेकडी उतरतो, शिडी एका झाडाला लावतो आणि सावलीत बसतो.

"मंग?" पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

मग संपतो, मी म्हणालो.

"संपते कसा? शिडी कोनाची होती?"

मी म्हणालो, ते चित्रपटात सांगितलेलं नाही. प्रत्येकाने आपलं उत्तर शोधायचं आहे. वर्गात कुजबुज झाली. तेवढ्यात दाराजवळ उभा असलेला एक संत्राबागायतदार पुढे आला.

"शिडी माही हाये," तो म्हणाला. "तुमी शूटिंगले नेली होती. अजून वापस नाई आली."

वर्ग हसला. असा हसला की बाहेर बाजारात आवरणारे लोक आत डोकावले. माझ्या चित्रपटाच्या खेळात मी ऐकलेलं हे पहिलं खरं हसू, आणि ते पडदा काळा असताना आलं. मी मिलिंदकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. शेवटचा शॉट झाल्यावर सामान आवरायचं काम त्याच्याकडे होतं.

शिडी बहुधा कारंज्याला वामनरावांच्या गोदामात असेल, असं मिलिंदने डोळे पुसत सांगितलं. बागायतदार रागावलेला मुळीच नव्हता. त्याने आम्हाला घरी नेऊन पाटवडी-रस्सा खाऊ घातला आणि जेवताना पुन्हा पुन्हा चौकशी केली की एवढ्या मोठ्या सिनेमात शिडीला बक्षीस मिळालं तर शिडीवाल्याचं नाव नावांच्या पाटीवर आहे का. नव्हतं. त्या रात्री मला ते फार लागलं. इराणी दिग्दर्शक असता तर ते असतं, असं वाटलं.

कारंजा घाडगे

कारंज्याचा चेहरा म्हणजे ट्रक, ढाबे आणि संत्र्यांच्या पेट्या. ढाब्यावरच्या खाटांवर ड्रायव्हर मंडळी हिंदी, पंजाबी आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात बोलत होती. वामनराव आम्हाला घ्यायला रस्त्यापर्यंत आले होते. त्याच ताठ चालीने. चित्रपटात खांद्यावर शिडी होती, इथे हातात छत्री, एवढाच फरक. शिडीचं सांगितल्यावर त्यांनी लगेच गोदामातून ती काढवली आणि तळेगावकडे निघालेल्या ओळखीच्या ट्रकवर बांधून रवाना केली. मी ज्या प्रश्नावर दीड तासाचा चित्रपट काढला तो त्यांनी चहा उकळेपर्यंत मिटवला.

घरात लगबग होती. वामनरावांच्या पत्नीने मला एका बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की पाहुणे आता तिसऱ्यांदा येताहेत, हो म्हणत नाहीत आणि नाही म्हणत नाहीत. मुलगा चांगला आहे, आमच्या वैशालीलाही पसंत आहे. मुलाचे वडील भगवंतराव मात्र कापसाचे व्यापारी, भाव वाढेपर्यंत माल न सोडणारे. आजच्या कार्यक्रमाने त्यांच्या मनात घराची किंमत वाढेल, अशी त्या माउलीची आशा होती.

वैशाली शाळेत शिकवायची. चहाचा कप देताना तिने मला थेट विचारलं, "काका, पिक्चर हसाचा हाये का रडाचा? पाव्हणे माह्या बाजूलेच बसतील. मी हसली अन् थे रडले तं पंचाईत होईन."

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. ज्याला जे वाटेल ते.

"म्हंजे तुमालेबी माहीत नाई," ती म्हणाली आणि कप घेऊन गेली.

तेव्हा कुठे मला पुढे काय वाढून ठेवलं आहे ते स्पष्ट दिसलं. आजवर दोन्ही ठिकाणी चित्रपटाला कोणी हसलं नाही याचं मला दुःख होतं, की हसलं नाही याचा आनंद होता, ते मला ठरवता आलं नव्हतं. पण इथे हसले तर कोणाला हसतील? पडद्यावर मी नव्हतो. पडद्यावर वामनराव होते, दीड तास, शिडी घेऊन, स्वतःच्या गावासमोर आणि न बोलणाऱ्या व्याह्यांसमोर. मी मिलिंदला म्हणालो, प्रोजेक्टर बिघडला म्हणून सांगू. तो म्हणाला, "तू सांग." आणि मी काही सांगितलं नाही, कारण तेवढ्यात वामनराव धुतलेलं धोतर आणि नवा दुपट्टा घालून समोर आले आणि मला विचारलं, बरं दिसते ना?

सिमेंटच्या गोदामातच बैठक होती. पोती बाजूला रचून जागा केलेली, जनरेटर आणलेला, पहिल्या रांगेत खुर्च्या. भगवंतराव आले. भारदस्त देह, मिशा, आणि चेहरा असा की कोणी बाजारभाव विचारला तरी सांगणार नाही. वामनराव त्यांच्या आणि वैशालीच्या मध्ये बसले.

सुरुवातीला शांतता होती. वामनराव शिडी बघतात. तिच्याभोवती एक फेरी मारतात. भगवंतरावांच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं खोकला. मग वामनराव शिडी उचलून पहिल्या दारात जातात आणि घरमालक म्हणतो, माझी नाही. तसाच आवाज पुन्हा आला. इंदुबाईंच्या दृश्यात, त्या मान वर न करता सोलत राहतात तेव्हा, भगवंतराव उघड हसले. भरदार, पोटातून. आणि त्यांच्यामागे सगळं गोदाम हसलं, जणू परवानगीचीच वाट बघत होतं. चढाच्या दृश्यात तर प्रत्येक वळणाला हशा पिकत होता. लोक आधीच सांगायचे, आता पुन्हा वळतो पाहा, आणि वामनराव वळले की मांड्यांवर थापा पडायच्या. भगवंतरावांनी डोळ्यांना रुमाल लावला होता.

मुंबईचे समीक्षक बरोबर होते. हे मला त्या क्षणी पुरतं पटलं. मी विनोदी चित्रपट काढला होता, आणि तो काढताना मी एकटाच रडत होतो.

मग मी वामनरावांकडे पाहिलं. त्यांनी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला होता. मान खाली. खांदे थरथरत होते. वैशालीने त्यांच्या हातावर हात ठेवला होता. माझ्या अंगातली थंडी सिमेंटच्या जमिनीतून आली असं मला म्हणता आलं असतं, पण ती तिथून आली नव्हती. एका भल्या माणसाला मी त्याच्याच गोदामात, त्याच्याच खर्चाने, त्याच्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर हास्यास्पद केलं होतं.

दिवे लागले. कोणीतरी मला माइक दिला आणि विनोदी चित्रपट कसा सुचला ते सांगायला सांगितलं. हसणं ही फार गंभीर गोष्ट आहे, हे वाक्य जिभेवर तयार होतं. ते मी गिळलं.

"हा विनोदी चित्रपट नाही," मी म्हणालो. "म्हणजे, मी तसा काढला नव्हता. मी तो अगदी मनापासून गंभीर काढला. बक्षीस देणाऱ्यांचा गैरसमज झाला आणि मी तो दूर केला नाही. वामनरावांना मी जसं सांगितलं तसं त्यांनी केलं. यात हसण्यासारखं जे काही आहे ते माझं आहे. त्यांचं नाही. त्यांना कोणी हसू नये."

भगवंतराव माझ्याकडे भाव पडल्यासारखे बघत होते. मिलिंद प्रथमच हसत नव्हता. आणि वामनराव उठले. दुपट्टा बाजूला केला. चेहरा लाल, डोळे ओले. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. तो त्यांच्या बारीक आवाजाला फार जवळ धरावा लागला.

"साहेब, मले तं पहिल्याच दिवशी हसू येत होतं," ते म्हणाले. "एक मानूस लोकाची शिडी घेऊन गावोगाव फिरून राह्यला, अन् हे पुन्याचे साहेब तिकडं कॅमेऱ्यामागं डोळे पुसून राह्यले. मी हसलो असतो तं तुमाले वाईट वाटलं असतं. म्हून दात दाबून चाललो, पूर्ण पिच्चरभर. थे तोंडावर दिसते ना, थे दुःख नोहे जी. आज मले मोकळं हसता आलं."

कोणी आधी हसलं ते आठवत नाही. बहुधा वैशाली. यानंतर जे हसू झालं ते पूर्णपणे माझ्या वाट्याचं होतं. मीही त्यात सामील झालो, थोडा उशिरा, कारण माझा मेंदू अजून मुंबईत त्या दुःखाच्या समुद्रापाशी उभा होता. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून कोणी एवढा वेळ, एवढ्या थंडीत, एवढी जड शिडी घेऊन हसू दाबलं, असं माझ्याबाबतीत तोवर कधी झालं नव्हतं. निदान मला ते कळलं तरी नव्हतं.

जेवायला डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला गोळाभात होता, वर कडकडीत तेल. पंगतीत भगवंतराव माझ्यासमोर बसले होते. त्यांनी गोळा फोडून भातात कालवला. मग वामनरावांना म्हणाले, "आमच्या घरात कोनाले दोन मिनिटं हसू दाबता येत नाई. सोयऱ्यांच्या मयतीतबी नाई. पोरगी बापावर गेली असन तं बरं होईन. कोनी तरी पायजे." आणि वाढणाऱ्याला आणखी तेल मागितलं. वामनरावांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. याला होकार म्हणतात की नाही ते मला समजलं नाही, पण वैशालीला समजलं असावं. ती पापड घेऊन आली आणि सगळ्यात आधी माझ्या ताटात वाढून गेली.

पुण्याला परतल्यावर मी त्या ज्येष्ठ समीक्षकांना गाठून सगळं सांगितलं. बक्षीस परत देण्याचीही तयारी दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं, खूप हसले, आणि म्हणाले की ही तर माझी आजवरची सर्वांत उत्तम थाप आहे. पुढच्या लेखात त्यांनी ती माझ्या विनोदबुद्धीचा नमुना म्हणून छापली. त्यानंतर मी प्रयत्न सोडला.

वैशालीचं लग्न उन्हाळ्यात कारंज्यालाच झालं. वामनरावांचा हट्ट, व्हिडिओ शूटिंग साहेबच करतील. मला जमणार नाही असं मी पुष्कळ सांगितलं. लग्नाच्या व्हिडिओत कॅमेरा सारखा फिरवावा लागतो, नवरदेवाच्या तोंडाभोवती बदाम काढावा लागतो. ते म्हणाले, तुमाले येते तसं करा. मग मला येतं तसं केलं. मांडवाच्या कोपऱ्यात कॅमेरा ठेवला आणि पंगत घेतली. एकच पंगत, न हलता, मीठ वाढल्यापासून. नवे सोयरे बसले, आग्रह झाला, कोणी रुसलं, एका आजोबांनी जिलेबी खिशात टाकली, वामनराव हात जोडून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. उन्हाची तिरीप पत्रावळींवरून सरकत भिंतीपर्यंत गेली.

ती सीडी अमरावतीकडे, कारंज्यात, नाचणगावात, किती घरांत फिरली त्याचा पत्ता लागत नाही. इंदुबाईंनीही ती पाहिली आणि या वेळी त्यांनी काहीच सुधारणा सुचवली नाही. माझ्या नावावर दोन चित्रपट जमेला धरले तर हा दुसरा नक्कीच जास्त पाहिला गेला आहे.

तक्रार एकच आली. भगवंतरावांनी स्वतः फोन केला. म्हणाले, बाकी सगळं मस्त हाये, पण विड्याचं पान वाटायच्या आधीच बंद काऊन केला? आमच्या मोठ्या जावयाने त्या पानात मिरची घातलती, थे पाहाचं होतं. मी त्यांना सांगितलं की बॅटरी संपली होती. त्यात कलेचा काहीही संबंध नव्हता.

"असं का?" ते म्हणाले. "मले वाटलं, तुमाले तिथंच संपवाचं असन."